शिवथळचा निळा

रघुवीर मोकाशीने त्या दिवशी कपाट उघडलं ते फक्त यादी करण्यासाठी. दोन हजार चव्वेचाळीसचा मार्च चालू होता, महिनाअखेर तो निवृत्त व्हायचा होता आणि त्याच्या जागी कुणालाही नेमायचं नाही असं संस्थेने ठरवलं होतं. जुन्या फिल्म स्कॅन करून जतन करणं हे संस्थेचं काम. पण आता स्कॅन करण्यासारखी फिल्मच फारशी उरली नव्हती. जी वाचायची ती वाचली होती, बाकीची बुरशीने खाल्ली होती. तेव्हा कपाटातल्या चीजवस्तू पाहायच्या, कागदावर उतरवायच्या आणि चावी कार्यालयात नेऊन द्यायची, इतकंच काम. साताऱ्यातल्या त्या इमारतीत सकाळी अकरा वाजता तो एकटाच होता. एकटं असण्याची त्याला सवय झाली होती. घरी तरी दुसरं कोण होतं?

वरच्या खणात टार्गेटं होती. टार्गेट म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. टार्गेट हा फिल्मचाच एक तुकडा असतो, स्लाइडएवढा. त्यावर अडीचशेहून जास्त बारीक रंगीत चौकोन असतात आणि खाली पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्या छटांची एक पट्टी. कारखान्यात प्रत्येक चौकोनाचा रंग उपकरणाने मोजतात आणि ते आकडे एका फाइलमध्ये भरून त्या तुकड्याबरोबर देतात. आपण तो तुकडा आपल्या स्कॅनरमध्ये घालायचा. प्रत्येक स्कॅनरची नजर थोडी वेगळी असते. एकाला तांबडं जरा जास्त दिसतं, दुसऱ्याला निळं कमी. स्कॅनरने वाचलेला आकडा आणि फाइलमधला खरा आकडा यांतला फरक काढला, की दुरुस्तीचा एक हिशेब तयार होतो. त्याला म्हणायचं प्रोफाइल. पुढे स्कॅनर जे जे वाचेल ते त्या प्रोफाइलमधून गाळून घेतलं, की रंग खरे येतात.

वाण्याचा तराजू तपासताना शिक्क्याचं वजन ठेवतात, त्यातलाच हा प्रकार. आता ते वजनच खोटं निघालं, तर तराजूने काय करायचं? तो बिचारा खोट्यालाच खरं मानतो आणि इमानेइतबारे चुकीचं मापत राहतो. म्हणून रंगाच्या धंद्यातला पहिला नियम असा, की टार्गेट आणि त्याची फाइल यांचे क्रमांक जुळले पाहिजेत. शिवाय प्रत्येक कंपनीच्या फिल्मचे रंग वेगळ्या रसायनांचे, त्यामुळे ज्या जातीची फिल्म स्कॅन करायची त्याच जातीचं टार्गेट हवं. हा नियम रघुवीरने पन्नासेक पोरांना शिकवला होता. शिकवताना तो इतका करडा होई, की पोरं पाठीमागे त्याला 'क्रमांकमास्तर' म्हणत.

सव्वीस क्रमांकाची डबी त्याने उघडली आणि सवयीने भिंग डोळ्याला लावलं. फिल्मच्या कडेवर अगदी बारीक अक्षरांत क्रमांक छापलेला असतो. तिथे एक्केचाळीस होतं. त्याला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. त्याने भिंग पुसलं, पुन्हा पाहिलं, मग एक्केचाळीसची डबी उघडली. तिच्यात सव्वीस होतं, आणि त्याच्या चौकटीच्या कोपऱ्यात मोहरीएवढा पिवळा डाग होता. डाग त्याने नखाने खरवडला. हळद होती.

मग त्याला सगळंच आठवलं. दोन हजार एकतीसची खंडेनवमी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी संस्थेत यंत्रांची पूजा व्हायची. स्कॅनरला झेंडूचा हार, मोजणीच्या उपकरणांना फुलं. रघुवीर त्यातही काटेकोर. टार्गेटांच्या डब्यांवर हळदकुंकू वाहिलं तर पूजा डब्यांची होईल, असं म्हणून त्याने टार्गेटं बाहेर काढून पाटावर मांडली होती. आरती झाली, जेवणाच्या हाका सुरू झाल्या. एक शिकाऊ मुलगी टार्गेटं उचलायला पुढे आली तर तिला त्याने हटकलं, की याला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. आणि मग स्वतःच्या हाताने, पुरणाच्या वासाच्या नादात, त्याने ती डब्यांत भरली. दसरा झाल्यावर पहिल्या दिवशी सव्वीसच्या डबीतलं टार्गेट कडेचा क्रमांक न पाहताच काढून त्याने नवं प्रोफाइल बनवलं. त्या प्रोफाइलने एकच काम झालं. शिवथळ.

रघुवीर खुर्चीत बसला.

त्याने जुनी नोंदवही काढली. तिच्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: सरासरी चूक तीन पूर्णांक चार. चांगल्या प्रोफाइलमध्ये ही चूक एकाच्या आत हवी. म्हणजे यंत्राने त्याला सांगितलं होतं. स्वच्छ सांगितलं होतं, की बाबा, यात काहीतरी जुळत नाही. पण रघुवीरने त्याचा दोष सुटीतल्या ओलाव्याला दिला, दिव्याला दिला आणि साध्या सूत्राऐवजी दुसरी रीत वापरली. त्या रीतीत यंत्र एकेका चौकोनाला पकडून फाइलमधल्या आकड्याशी जुळवतं. खरं असो, खोटं असो, मारूनमुटकून बसवतं. चूक शून्य पूर्णांक सहावर आली. खाली त्याने शेरा मारला होता, 'उत्कृष्ट'. हा शब्द वाचताना त्याला स्वतःची शिसारी आली.

शिवथळ हे त्याच्या बायकोचं गाव. शालनचं. अठ्ठ्याण्णव साली धरणाचं पाणी चढलं आणि गाव तळाशी गेलं, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. रघुवीरने ते गाव कधी पाहिलं नाही. त्यांचं लग्न झालं तेव्हा त्यावर आठ वर्षांचं पाणी होतं. गाव बुडण्याआधीची दोन वर्षं तिथले चित्रकलेचे कोरगावकर गुरुजी खांद्याला कॅमेरा अडकवून हिंडत होते. प्रत्येक घर, प्रत्येक दार, विहिरीचा काठ, पारावरची माणसं, अशा तेवीसशे स्लाइड त्यांनी काढल्या. गुरुजी वारल्यावर ती ट्रंक संस्थेत आली. उघडली तेव्हा खोलीभर शिरक्याचा वास सुटला. फिल्म आतून कुजायला लागली की असा वास येतो. रघुवीरने तीन आठवड्यांत सगळं स्कॅन केलं, आणि बरं झालं केलं, कारण दोन पावसाळ्यांत मूळ स्लाइड वितळून चिकट झाल्या. रीतसर पंचनामा करून त्या नष्ट करण्यात आल्या.

नंतर त्या स्कॅनवरून यंत्राने गाव उभं केलं. तेव्हा ही विद्या नवी होती. फोटोंतल्या सावल्यांवरून लांबीरुंदी काढायची, एका फोटोत न दिसणारी भिंत दुसऱ्यातून घ्यायची आणि असं करत करत अख्खं गाव जोडायचं. डोळ्यांवर चष्मा चढवला की माणूस शिवथळच्या वेशीत उभा. पाय उचलाल तसं गाव पुढे सरकतं. पुनर्वसन वसाहतीत त्यासाठी एक हॉल बांधला, उद्घाटनाला मंत्री आले, रघुवीरला शाल-श्रीफळ मिळालं. म्हातारी माणसं चष्मा लावून स्वतःच्या अंगणात उभी राहिली आणि ढसाढसा रडली.

शालन रडली नाही. तिने चष्मा लावला, दहा पावलं चालली आणि थांबली.

"ही आमची शाळा न्हाई," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आमची शाळा निळी हुती. नीळ घातलेल्या चुन्याची. ही हिरवट कुणी केली?"

लोक हसले. रघुवीरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर त्याने तिला समजावलं: तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा रंग माणसाला नीट आठवत नसतो, यंत्राला भावना नसतात, चूक शून्य पूर्णांक सहा आहे. तिने विचारलं, शून्य पूर्णांक सहा म्हणजे किती? त्याने सांगितलं, माणसाच्या डोळ्याला कळणार नाही इतकी. मग मला कशी कळली, असं ती म्हणाली, आणि त्यावर तो चिडला.

खरं तर त्याने चिडायला नको होतं, आणि ते त्याच्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. शालन त्याला भेटली होती ती फोटो लॅबमध्ये. गाव उठल्यावर साताऱ्याला येऊन तिने तिथे नोकरी धरली होती. मशीनमधून प्रिंट बाहेर पडला की ती तो हातभर लांब धरायची, उजेडाकडे जरा कलता करायची आणि सांगायची, यात पिवळा जास्त झालाय, मशीनवर दोन घर कमी करा. तिचं कधी चुकत नसे. रघुवीर तिच्या त्या नजरेच्याच प्रेमात पडला होता. पुढे त्याच्या हाती यंत्रं आली, आकडे आले, शाली आल्या, आणि त्या नजरेची त्याला गरज उरली नाही.

शालनने आपणहून पुन्हा चष्मा लावला नाही. वसाहतीतले लोक मात्र रोज लावू लागले. सुरुवातीला चारपाच जणांना रंग खटकला होता. शालनचा थोरला भाऊ दौलतसुद्धा म्हणाला होता, की पोरगी म्हणते त्यात काहीतरी हाय. वर्षभरात तेही बोलेनासे झाले. माणसाची आठवण स्लाइडसारखी डबीत पडून राहत नाही. आपण एखादी गोष्ट आठवतो तेव्हा मेंदू ती बाहेर काढतो, हाताळतो आणि नव्याने आत ठेवतो; आणि ठेवताना डोळ्यांसमोर जे असेल त्याचा थोडा रंग तिला लागतो. रोज हिरवट शाळा पाहत शाळा आठवली, की थोड्याच दिवसांत आठवणीतली शाळाही हिरवट होते. हे कुणाला कळत नाही. ज्याचं त्याला वाटतं, मला पहिल्यापासून असंच आठवतंय.

नऊ वर्षांनी चाचणी आली. विसरण्याचा आजार दिसू लागण्याआधी दहा वर्षं ओळखायची रीत डॉक्टरांना सापडली होती, आणि ती अशा उभ्या केलेल्या गावांवरच चालायची. ओळखीच्या गल्लीत वळताना डोळा पायाच्या आधी पुढे जातो. दार कुठे आहे, पार कुठे आहे, हे त्याला आधीच माहीत असतं. समोर अनपेक्षित काही आलं की मेंदूत अचंब्याची एक लहर उठते. चष्मा डोळ्यांची हालचाल टिपतो, कपाळावरची पट्टी ती लहर मोजते. आपल्याच गावात पावलोपावली अचंबा वाटू लागला, तर स्मृती पोखरायला लागली असं समजायचं. चाचणी पुष्कळ ठिकाणी बरोबर ठरली होती. शेकडो माणसं वेळेवर उपचार मिळून वाचली होती. शिवथळच्या पंचावन्नच्या वरच्या सगळ्यांना, वसाहतीबाहेर राहणाऱ्यांनाही, ती सक्तीची झाली. रोज चष्मा लावणाऱ्या लोकांना शंभरापैकी ऐंशी-नव्वद गुण पडले. शालनला अडतीस.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, गाव चुकलंय, मी न्हाई. डॉक्टरांनी नोंद केली: आजार मान्य करत नाही.

त्या मेमध्ये धरणाचं पाणी तळाला गेलं तेव्हा ती कुणाला न सांगता एसटीने निघाली आणि चिखलातून चालत गावाच्या जागेवर गेली. शाळेच्या भिंतीचा एखादा तुकडा तरी सापडेल, असं तिला वाटत होतं. सापडला गाळ. संध्याकाळी वसाहतीच्या लोकांनी तिला कंबरभर चिखलात बसलेली पाहिली आणि उचलून आणली. नोंद झाली: भरकटते. उपचार केंद्रात ठेवलं तर सुधारण्याची आशा आहे, उशीर केला तर नाही, असं सांगून रघुवीरसमोर कागद ठेवला गेला. तो घाबरला होता. तिला गमावण्याची त्याला खरोखरच भीती वाटत होती, आणि त्या भीतीपोटी त्याने सही केली. शालन शेजारच्या खुर्चीत होती. ती म्हणाली, "तुमी तरी असं करू नगा." त्याने करून टाकलं.

त्याला आता अडीच वर्षं झाली होती.

त्या दिवशी यादीचं काम तिथेच राहिलं. सुदैवाने स्कॅनरने वाचलेले कच्चे आकडे, प्रोफाइल लावण्याआधीचे, जसेच्या तसे साठवलेले होते. रघुवीरने खरं सव्वीस त्याच स्कॅनरवर वाचून घेतलं, त्याला सव्वीसची फाइल जोडली आणि नवं प्रोफाइल बनवलं. साध्या सूत्रानेच चूक शून्य पूर्णांक आठवर आली. मग त्याने ते शिवथळच्या कच्च्या स्कॅनवर चालवलं. चाळीस मिनिटं लागली. तेरा वर्षांची चूक निस्तरायला फक्त चाळीस मिनिटं.

आणि पडद्यावर शाळा आली. निळी. पाण्यात नीळ टाकून चुन्याचा हात मारलेली, पावसाने खाली खाली फिकट होत गेलेली, हलकी निळी भिंत. व्हरांड्यात बसलेल्या पोरांचे चेहरे आजवर जरा कावीळ झाल्यासारखे दिसायचे; उन्हाचा परिणाम म्हणून रघुवीरने ते सोडून दिलं होतं. तीच पोरं आता पोरांसारखी दिसत होती. दारांचा गेरू पेटला होता. गाव इतकं देखणं होतं, की रघुवीरला क्षणभर आनंदच झाला आणि त्याने तोंड वळवून म्हटलं, अगं हे बघ. शेजारी कुणी नव्हतं. मग तो डोक्याला हात लावून बसला आणि मोठ्याने रडला.

रडून झाल्यावर त्याच्या मनात एकच गोष्ट उरली. शालनला सांगायचं, की तू खरी होतीस. तिला घरी आणायचं.

दुपारी त्याने संस्थेच्या संचालकांना आणि उपचार केंद्राला पत्र लिहिलं. खंडेनवमीपासून सगळं लिहिलं, एक अक्षर मागे ठेवलं नाही. मग साक्षीला कुणी असावं म्हणून शाळेचा नवा फोटो दौलतला पाठवला आणि फोन लावला.

दौलतने बराच वेळ फोटो पाहिला. "कुनाची शाळा ही?" त्याने विचारलं.

रघुवीरने सांगितलं, तुमचीच, शिवथळची. दौलतला ते पटेना. घडण तशीच दिसते पण ही आमची नव्हे, असं तो म्हणत राहिला. पूर्वी तुम्हीही म्हणाला होतात, रंगात काहीतरी आहे म्हणून, याची रघुवीरने आठवण दिली. दौलतला तसं काही बोलल्याचं आठवत नव्हतं. शेवटी तो जरा वैतागून म्हणाला, "आता तुमी हितली शाळा निळी कराल तर म्हातारी मानसं कुटं जातील ओ? त्यांना त्येवढंच एक हाय."

रघुवीरने फोन ठेवला. पण शालनची गोष्ट वेगळी होती. शालनने नऊ वर्षं चष्म्याला हात लावला नव्हता. सगळं गाव विसरलं तरी ती विसरणाऱ्यांतली नव्हती. या एका खात्रीवर त्याने शाळेचा प्रिंट काढला. पडद्यावर भरवसा नको म्हणून कागदावरच काढला, खिडकीपाशी नेऊन दिवसाच्या उजेडात ताडून पाहिला, दोनदा फाडून पुन्हा काढला.

केंद्र वाई रस्त्यावर होतं. दर रविवारी तो तिथे जायचा. पहिलं वर्ष शालन त्याच्याशी भांडली. नंतर बोलायची बंद झाली. तो तासभर शेजारी बसून परत यायचा. गेल्या सहा महिन्यांत पुन्हा बोलू लागली होती, हसू लागली होती, आणि उपचार लागू पडत आहेत या समाधानात तो घरी येऊन निवांत जेवत होता. पत्र लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशीच तो निघाला, तो बुधवार होता. बुधवारी त्याला आलेला पाहून दारावरच्या माणसालाही नवल वाटलं.

डॉ. रेवती शितोळे तिशीपस्तिशीच्या होत्या आणि सरळ बोलायच्या. त्यांनी पत्र वाचलेलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सांगितलं, की पत्र वर पाठवलं आहे, शिवथळची चाचणी आजपासून थांबवली आहे आणि तिच्यावरून दाखल केलेली आणखी दोन माणसं आहेत, त्यांचीही फेरतपासणी होईल. मग त्यांनी शालनचा कागद पुढे सरकवला. परवाच्या चाचणीत तिला एक्क्याण्णव गुण होते. पुढच्या आठवड्यात तिला घरी सोडायचंच ठरलं होतं.

रघुवीरला कळेना, की आनंद मानायचा की काय करायचं. एक्क्याण्णव कसे, असं त्याने विचारलं.

"आठवड्यातून तीनदा त्यांना गावात फिरवत होतो," डॉक्टर म्हणाल्या. "जिथे अडतील तिथे थांबायचं, बरोबर काय आहे ते सांगायचं, पुन्हा चालायचं. हाच तर उपचार आहे, मोकाशी. अडीच वर्षं."

मग त्या म्हणाल्या, की तो प्रिंट त्याने दाखवू नये असं त्यांना वाटतं. निदान आज नको. मोठ्या कष्टाने ती एका जागी स्थिर झाली आहे. आता पुन्हा हलवलं तर काय काय हलेल ते सांगता येणार नाही. पण अडवण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही, हेही त्याच म्हणाल्या.

रघुवीर व्हरांड्यात जरा वेळ उभा राहिला. न दाखवता तिला घरी नेणं सोपं होतं. पण मग ती जन्मभर स्वतःला आजारातून उठलेली बाई समजणार, आणि तो तिच्यासमोर बसून जेवणार. ते त्याच्याने झालं नसतं. तो आत गेला.

शालन अंगणात बाकावर बसून शेंगा फोडत होती. केंद्राच्या स्वयंपाकघराला मदत म्हणून हे काम तिने मागून घेतलं होतं. अंगाने भरली होती, केस नीट विंचरलेले होते. त्याला पाहून ती हसली, बाजूला सरकली, आज बुधवारी कसे म्हणून विचारलं. जेवलात का तेही विचारलं. त्याने पाकिटातून प्रिंट काढून तिच्यासमोर धरला.

"हे बघ जरा," तो म्हणाला.

तिने पदराला हात पुसले. प्रिंट घेतला, हातभर लांब धरला आणि उजेडाकडे जरा कलता केला. लॅबमध्ये धरायची तसाच. रघुवीर तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. तिने सावकाश पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"आमची शाळा हाय," ती म्हणाली. "पर रंग चुकलाय ओ तुमचा. निळा जास्त झालाय. जरा पिवळा वाढवा, म्हंजी आमचा हिरवा बराबर येईल."

"शालन," तो म्हणाला, "शाळा निळीच होती. तू म्हणत होतीस ते खरं होतं. चूक माझी होती."

आणि त्याने तिला सगळं सांगितलं. पाट, हळद, दोन डब्या, तीन पूर्णांक चार, सगळं. सांगताना त्याने तिचा हात धरला होता. ती मन लावून ऐकत होती. लहान मूल पडल्याचं सांगतं तेव्हा आई ऐकते, तशी. त्याचं बोलणं संपल्यावर तिने मोकळ्या हाताने त्याचे डोळे पुसले.

"तवा मी आजारी हुते ओ," ती म्हणाली. "आता मला समदं नीट आठवतंय. उगा जिवाला लावून घेऊ नगा. तुमी बराबर हुतासा, मीच येड्यावानी भांडले तुमच्याशी."

गेली तेरा वर्षं, रोज नाही तरी दिवसाआड, रघुवीरला वाटत आलं होतं की एकदा तरी हिने असं म्हणावं. तिने प्रिंट त्याच्या हातात परत दिला आणि पिवळा किती वाढवायचा तेही सांगितलं, दोन घर. वाढवतो, असं तो म्हणाला. ती पुन्हा शेंगा फोडू लागली, घरी गेल्यावर काय काय करायचं ते सांगू लागली, आणि तो शेजारी बसून हो हो म्हणत राहिला. शिवथळची शाळा निळी होती हे मनापासून ठाऊक असलेला माणूस आता पृथ्वीच्या पाठीवर एकच उरला होता, आणि त्याने शिवथळ कधी पाहिलं नव्हतं.